मिनी डीव्ही कॅसेटी संगणकावर घ्यायच्या आहेत (आणि माझी मुंज रात्री सव्वा वाजता कशी लागली?)

कुडाळचा_धाकटा

नमस्कार मंडळी. माळ्यावरच्या ट्रंकेत २२ मिनी डीव्ही कॅसेटी मिळाल्या. २००३ च्या नाताळात मावशी न्यूजर्सीहून आली तेव्हा बाबांना सोनीचा हँडीकॅम देऊन गेली होती. पुढची तीन वर्षं बाबांनी दिसेल ते शूट केलं. फेब्रुवारी २००४ मधली माझी मुंज, पाच गणपतींची आरती, जत्रेतला दशावतार, आणि एक अख्खी कॅसेट आमच्या गाभण म्हशीची.

काही वर्षांपूर्वी यातल्या दोन कॅसेटी एका स्टुडिओवाल्याला दिल्या होत्या. त्याने डीव्हीडी करून दिली, पण मूळ आवाज काढून टाकून वर सनई घातली. आजी काय बोलतेय ते ओठांवरून ओळखायचं. म्हणून आता स्वतःच करायचं ठरवलंय.

कॅमेरा सुरू झाला. दहा मिनिटं मुंज बघितली. त्यात तारीख-वेळेचं बटण दाबलं तर वेळ दिसते रात्री १ वाजून १२ मिनिटं! पत्रिकेत मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे आणि मागे खिडकीत लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर सी:२१:०० असं आलं, तेव्हापासून कॅसेट बाहेर काढण्यापलीकडे काही करू देत नाही. मग मुंबईहून हुबेहूब तसाच दुसरा जुना कॅमेरा मागवला. त्यात आमच्या कॅसेटी घातल्या की निळा पडदा, विकणाऱ्याने सोबत दिलेली कॅसेट मात्र छान चालते. यूएसबीने लॅपटॉपला जोडून पाहिला तर चित्र अंगठ्याएवढं आणि दाणेदार. कॅसेटी गेल्या म्हणायच्या का?

सोल्डरगन

कॅसेटी गेलेल्या नाहीत. तुमची मुंजच सांगतेय काय झालंय ते. हिवाळ्यात न्यूजर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ११:४२ मधून साडेदहा वजा करा. मावशींनी घड्याळ तिथलं लावलं होतं, ते कुणी बदललंच नाही. म्हणजे कॅमेरा अमेरिकेतला, म्हणजे तिथल्या एनटीएससी व्हिडिओ पद्धतीचा. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणून तुमच्या कॅसेटी मुंबईच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. दोन्ही कॅमेऱ्यांच्या पोटाखालचा मॉडेल नंबर बघा. सोनीच्या पाल कॅमेऱ्याच्या नंबराला शेवटी ई असतो.

सी:२१ म्हणजे आत ओल धरली आहे. कुडाळात जुलैमध्ये दुसरं काय होणार! कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवून तासभर कोरड्या जागी ठेवा. एवढ्याने नाही भागलं तर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात चार दिवस. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबा तर नकोच, पीठ आत जातं.

कुडाळचा_धाकटा

अहो, कमाल केलीत! आमच्यावर टीआरव्ही२२ आणि मुंबईवाल्यावर टीआरव्ही२२ई. त्या एका ई ने माझे पैसे खाल्ले.

सोल्डरगन

तो कॅमेरा विकून टाका, पाल कॅसेटी असलेले बरेच लोक शोधत असतात.

आता यूएसबीचं. त्या काळातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची यूएसबी फोटो आणि वेबकॅमसाठी होती, कॅसेटवरचा खरा माल तिथून येत नाही. झडपेखाली डीव्ही किंवा आय-लिंक लिहिलेलं चार पिनांचं बारीक भोक असेल, तेच फायरवायर, म्हणजे व्हिडिओ संगणकात घ्यायची जुनी जोडणी. मिनी डीव्हीवर चित्र मुळातच आकड्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे फायरवायरने ते पुन्हा रेकॉर्ड होत नाही, जसंच्या तसं उतरतं, तारीख-वेळेसकट. तिरंगी एव्ही वायर लावून स्वस्तातल्या कॅप्चर डोंगलमध्ये घेतलंत तर आकड्यांचं अ‍ॅनालॉग आणि पुन्हा आकडे. चित्र मऊ पडतं आणि तुमची ती १:१२ ची वेळही जाते.

लॅपटॉपला फायरवायर नसणार. ऑनलाइन एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी वायर मिळते. ती घेऊ नका, नुसत्या तारा जोडलेल्या असतात, काही चालत नाही. मी ऑफिसातून निघालेला भंगार डेस्कटॉप घेतला आणि त्यात पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड टाकलं. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टचा जुना, 'लेगसी' नावाचा १३९४ (म्हणजे फायरवायरचाच) ड्रायव्हर बसवला आणि विनडीव्ही या प्रोग्रॅमने उतरवलं. लिनक्स येत असेल तर डीव्हीग्रॅब, तो प्रत्येक शॉटची वेगळी फाइलही करून देतो. वायर लावताना-काढताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या बाजूला वीज असते, वायर तिरकी घुसली तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो. माझा एक जळलाय.

तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही. जागा तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे २२ कॅसेटींना २८६. मूळ फाइल ठेवा. घरच्यांना पाठवायला वेगळी एमपी४ करा, करताना डीइंटरलेस करा (एकाआड एक रेघांत साठवलेलं चित्र सलग करणं), नाहीतर हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात दिसतात.

मडगावची_माई

मध्येच बोलते. कॅसेट घालण्याआधी खिडकीतून रिळाची कड उजेडात बघ बाबा. पांढरे ठिपके किंवा पिठासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट कॅमेऱ्यात घालायची नाही, टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि मग चांगल्या कॅसेटींवरही जाते. आमच्या तीन अशाच निघाल्या, पण कळेपर्यंत चौथीही घालून झाली होती. चांगल्या असतील त्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घे, इतकी वर्षं रीळ एकाला एक चिकटून बसलेलं असतं.

पेठेतला_मॅकवाला

मी जुन्या मॅकवर थंडरबोल्ट-फायरवायर अडॅप्टर लावून केलं, मस्त झालं. मात्र कुणी हे वाचून मॅक अपडेट करू नका. २०२५ च्या टाहो या मॅकओएस आवृत्तीपासून अ‍ॅपलने फायरवायर काढूनच टाकलंय.

कुडाळचा_धाकटा

तीन आठवड्यांनी कळवतोय, माफ करा. कॅमेरा पाच दिवस डब्यात होता, सी:२१ गेलं. चुलतभावाच्या सायबर कॅफेतला जुना डेस्कटॉप मिळाला. २२ पैकी १८ उतरल्या. दोनांवर माई म्हणतात तसे ठिपके होते, त्या बाजूला ठेवल्यात. उरलेल्या दोन चौकटी-चौकटी होऊन फुटतात, म्हशीची त्यातलीच.

सोल्डरगन

त्या फुटणाऱ्या दोन एलपीवर (लाँग प्ले, म्हणजे टेप हळू फिरवून) रेकॉर्ड केलेल्या असतील. कॅसेट वाचवायला लोक साठ मिनिटांच्या टेपवर नव्वद बसवायचे, टेपवरच्या रेघा बारीक होतात. त्याच कॅमेऱ्यात हेड क्लीनर कॅसेट दहा सेकंद फिरवून पुन्हा बघा. म्हैस सोडू नका.

कुडाळचा_धाकटा

म्हैस आली! शेवटची दहा मिनिटं सोडून.

आणि एक गंमत. 'मुंज भाग २' लिहिलेल्या कॅसेटीत चाळीस मिनिटं नुसता काळोख आहे. बाबा कॅमेरा बंद करायला विसरले आणि झाकण लावून कोठीच्या खोलीत ठेवून गेले. आवाज मात्र स्वच्छ. आजी कुणाला तरी "आधी जेवक बस" म्हणून ओरडतेय आणि आचारी जिलब्यांचा हिशेब सांगतोय, चारशे. बाबा म्हणतात, तेरा जीबी कशाला अडवतोस, काढून टाक. आई म्हणते, खबरदार. त्याने बिल सहाशेचं लावलं होतं, आणि गेली वीस वर्षं ती हेच सांगतेय.