'द पियानो टीचर': एरिका त्या मुलीच्या खिशात काचा का टाकते?

गंगापूररोडकरीण:
दिग्दर्शक हानेकेचा 'द पियानो टीचर' (२००१) हा सिनेमा काल पाहिला. लॅपटॉपवर, हेडफोन लावून, कारण हॉलमध्ये सासूबाई जाग्या होत्या आणि यातले काही प्रसंग त्यांच्यादेखत लागले असते तर पंचाईत होती. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: व्हिएन्नातली पियानोची प्राध्यापिका एरिका अजून आईच्या शेजारच्या पलंगावर झोपते. घरी यायला उशीर झाला की आई पर्स तपासते. वॉल्टर नावाचा देखणा विद्यार्थी मागे लागतो, तेव्हा ती त्याला लांबलचक पत्र देते, मला बांध, मार, असलं काहीतरी.

पत्राचं मला कळलं. इतकी वर्षं कोंडलेलं कुठूनतरी बाहेर पडणारच. पण अॅना? एरिकाचीच विद्यार्थिनी, घाबरट पोर, कार्यक्रमाच्या तालमीआधी पोट बिघडलेलं. एरिका जाऊन ग्लास फोडते आणि काचा तिच्या कोटाच्या खिशात टाकते. का? वॉल्टर तिच्याशी गोड बोलला म्हणून? एरिका झालेल्या इझाबेल ह्युपेरच्या चेहऱ्यावर तेव्हा राग दिसतच नाही.

सातपूरचा सिनेमावेडा:
मत्सर, दुसरं काय! कान्सला ग्रां प्री, ह्युपेर आणि वॉल्टर झालेला बेन्वा माजिमेल दोघांनाही अभिनयाची पारितोषिकं, म्हणून बसलो आणि अर्ध्यात उठलो. व्हिएन्नात सगळे फ्रेंच बोलतात हेही खटकलं.

पंचवटीतल्या बाई:
मत्सर आहे, पण वॉल्टरवरून नाही. मी गाण्याच्या शिकवण्या घेते, त्यामुळे सिनेमा बाईंच्या बाजूने पाहिला गेला. माझ्याकडे प्रवेशिका-मध्यमाला बसणाऱ्या मुली येतात आणि बरोबर त्यांच्या आया. आई सतरंजीवर बसून बंदिश वहीत उतरवते, मोबाईलवर रेकॉर्ड करते, आणि मुलीची सम हुकली की माझ्याआधी हिचा चेहरा पडतो. अशा वेळी चीड आईवर यायला हवी. माझी येते मुलीवर. का ऐकून घेतेस, म्हणून. (काचा नाही टाकत, घाबरू नका. फार तर तोच पलटा पुन्हा पुन्हा घोटून घेते.)

अॅनामागेही तशीच आई आहे. एरिका त्या पोरीत स्वतःलाच बघते. आणि त्या तालमीत अॅना साथ कशाला करते ते ऐका. शूबर्टच्या 'विंटररायज' या गीतमालेतलं गावाचं गाणं: कुत्री भुंकताहेत, साखळ्या वाजताहेत, माणसं बिछान्यात पडून आपल्याकडे नाही त्याची स्वप्नं बघताहेत. हे गाणं तिथे उगाच आलेलं नाही. या सिनेमात वरून लावलेलं पार्श्वसंगीत नाही, पात्रं वाजवतात-गातात तेवढंच.

पत्राबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, ताई. त्यात कोंडलेलं मोकळं कुठे होतंय? ते शिकवणीचं पत्र आहे. आधी हे कर, मग ते, मी नको म्हटलं तरी थांबू नकोस. तासाला ज्या आवाजात चुका काढते त्याच आवाजात लिहिलेलं. प्रेमातही मास्तरकी सुटत नाही. दाराला कपाट लावून वॉल्टर ते मोठ्याने वाचतो, बाहेर आई, आणि ही निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थिनीसारखी बसलेली. पुढे तो घरात घुसतो, मारतो, बळजबरी करतो, वर पत्राचा दाखला देतो. 'तिलाच हवं होतं' म्हणणाऱ्यांशी मी कॉलेज रोडवर एकांच्या घरी चहा गार होईपर्यंत भांडले आहे.

गंगापूररोडकरीण:
शिकवणीचं पत्र! हे डोक्यात आलंच नव्हतं. मग शेवटी कार्यक्रमाला सुरी पर्समध्ये घालून आणते ती वॉल्टरसाठीच ना? तो हसत नमस्कार-चमत्कार करून निघून जातो, आणि ही स्वतःच्याच खांद्याजवळ खुपसून घेते.

पंचवटीतल्या बाई:
न्हाणीघरात ती ब्लेडने स्वतःलाच कापून घेते, ते आठवा. हिचं हत्यार आधीपासून स्वतःकडेच वळतं. अॅनाच्या खिशातल्या काचासुद्धा मी त्यातच धरते. अॅनाचा हात गेल्यामुळे त्या कार्यक्रमात वाजवायची संधी एरिकाला मिळालेली असते, आणि ती न वाजवता दारातून निघून जाते. मला प्रश्न पडतो तो हा, की जाते कुठे?

इंदिरानगर वाचक:
कादंबरीत उत्तर आहे. एल्फ्रीडे येलिनेकची, १९८३ ची. २००४ चं नोबेल मिळालं तीच लेखिका. स्वतः व्हिएन्नात ऑर्गन शिकलेली, आईला तिला संगीतकार करायचं होतं, तेव्हा हे सगळं ऐकीव नव्हे. कादंबरीत एरिका घराकडे चालू लागते, पावलं भराभर पडायला लागतात. हानेके तिला चौकटीबाहेर सोडतो आणि इमारत दाखवत राहतो. मला कादंबरीचा शेवट जास्त भयंकर वाटला.

गंगापूररोडकरीण:
पण सिनेमात आई वर सभागृहात बसलीय ना? म्हणजे घरी गेली तरी आज दारात जाब विचारायला कुणी नाही.

सातपूरचा सिनेमावेडा:
बरं बाई, उरलेला अर्धा बघतो शनिवारी. सबटायटल बरी असलेली प्रत कुणाकडे आहे?