करारपत्र वाचायला नाट्यवर्गातच शिकवावे का?

तिसरी घंटा:
मुंबईतल्या नाट्यशिक्षणात वाचिक आणि आंगिक अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना यांना तास असतात. करारपत्र वाचण्याला आणि मानधनाच्या हिशेबाला मात्र, निदान मी शिकलो तिथे, एकही तास नव्हता. पहिल्या मालिकेच्या वेळी मी दर दिवसाचा आकडा ऐकला आणि सही केली; पैसे ९० दिवसांनी हाती पडतात, ही या धंद्याची रीत दोन महिन्यांचे भाडे थकल्यावर उमगली. मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापला जात होता. माझे उत्पन्न करपात्र नसल्यामुळे विवरणपत्र भरले असते तर ती रक्कम परत मिळाली असती, हे एका सहकलाकाराने सांगितले तेव्हा मुदत उलटून गेली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, चित्रपटासाठी संमती दिलेल्या कलाकारालाही आपल्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क दिला आहे. आमच्या वर्गात हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून पदविकेच्या दुसऱ्या वर्षी हा विषय सक्तीचा असावा, असे माझे मत आहे.

घुंगरू:
सक्तीला माझा विरोध आहे. मी गोरेगावात कथक शिकवते. महाविद्यालय, लोकलचा प्रवास आणि शिकवण्या यांतून मुली आठवड्याला जेमतेम चार तास घेऊन येतात, आणि तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, स्वच्छ होण्याआधीच ‘ताई, रील कधी करायचे?’ अशी विचारणा सुरू होते. ज्या वयात विलंबित तीनतालाच्या सोळा मात्रा निवांत धरून ठेवायला शिकायचे, त्या वयात स्वतःचा भाव ठरवायला शिकवले, तर पाय मागणीप्रमाणेच पडू लागतील. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला होता, हे खरे. पण आज आठवते ते त्यांचे गाणे.

जमाखर्च:
घुंगरूताई, हे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, तेव्हा बालगंधर्व केवळ गायक नट नव्हते, तर गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह तिचे भागीदार होते. पुढे ते कर्ज फेडण्यासाठी त्यांना प्रयोगामागून प्रयोग करावे लागले. त्या गळ्याची झीज कोणत्या खात्यात मांडायची?

तरीही करारापासून सुरुवात करावी, हे मला पटत नाही. मी दादर-माटुंग्याच्या नाटकांचे हिशेब पाहतो. मुलांकडून आधी एका प्रयोगाचा कागद लिहून घ्यावा: नाट्यगृहाचे भाडे, वर्तमानपत्रातील जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, ध्वनी-प्रकाश, कपडेपट, कलाकारांच्या नाइटी (दर प्रयोगाचे मानधन) आणि समोर तिकीटविक्री. रविवारच्या दुपारी शिवाजी मंदिर भरले, तरी त्यातला किती पैसा मधल्या वाराच्या रिकाम्या खुर्च्यांत जिरतो, हे स्वतःच्या अक्षरात उतरले, की निर्माता खरोखर अडचणीत कधी आहे आणि नुसते रडगाणे कधी गातो, हे ओळखता येते. एका कार्यशाळेत मी हा कागद करून घेतला, तेव्हा जाहिरातीच्या ओळीपाशीच वर्ग गप्प झाला.

आरामनगरची रांग:
वर्सोव्याच्या आरामनगरात सहा वर्षे ऑडिशन देऊन लिहितो. हक्क देताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. नेमके म्हणूनच माझ्यापुढे आलेल्या प्रत्येक कागदावर ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ असे छापलेले होते. मुलाला ते वाचता आले, तरी मागे चाळीस जण उभे असताना तो सहीच करणार. त्याला शिकवले नाही म्हणून तो नाडला गेला, असे म्हणताना दोष आपण त्याच्याच माथी मारतो. शिकवायचेच असेल, तर कलाकारांच्या संघटनेत जाऊन एकत्र नकार कसा द्यावा, ते शिकवा.

तिसरी घंटा:
रांगेबद्दलचे म्हणणे मान्य. पण सही आणि नकार यांच्यामध्ये विचारण्यासारखे पुष्कळ असते. तिसऱ्या करारात ‘कायमस्वरूपी’ काढा, असे मी म्हटले. ते निघाले नाही, पण पैसे ९० ऐवजी ४५ दिवसांत देण्याचे लेखी मिळाले. घुंगरूताई, रियाझाचा तास मला नको. मे महिन्याच्या सुट्टीतले पंधरा तास पुरतील, आणि परीक्षाही नको. हिशेबाचा कागद आधी घ्यायलाही हरकत नाही. सक्ती मात्र मी सोडत नाही, कारण विषय ऐच्छिक ठेवला, तर ज्यांच्या घरात आधीच वकील किंवा सीए आहे, तीच मुले येऊन बसतील.