शिंपले पाण्यातला बर्ड फ्लूचा विषाणू संपवतात की साठवून ठेवतात? (मदत हवी आहे)

नमस्कार. पाणथळ जागांविषयीच्या एका टिपणासाठी वाचन करताना मी एका मुद्द्यावर अडकलो आहे. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जलजीवशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लागण झालेली बदके विष्ठेवाटे हा विषाणू पाण्यात सोडतात, आणि पाणी थंड, गोडे व किंचित अल्कधर्मी असेल तर तो कित्येक आठवडे, कधी महिनेही संसर्गक्षम राहतो, इथपर्यंत समजले. मात्र यातले बरेच निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्यावरून काढलेले आहेत. खऱ्या तळ्यात शिंपले आणि डॅफ्नियासारखे (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) पाणी गाळून पोट भरणारे असंख्य जीव असतात. त्यांचा हिशेब कसा धरायचा?

2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉर्बिक्युला जातीच्या शिंपल्यांनी गाळलेले एच5एन1 (बर्ड फ्लू विषाणूचा एक घातक प्रकार) असलेले पाणी ज्या बदकांना दिले, ती आजारी पडली नाहीत. त्या शिंपल्यांचे मांस दिलेलीही सुखरूप राहिली. शिंपल्यांविना ठेवलेले तेच पाणी मिळालेली बदके मात्र सगळी दगावली. याउलट झेब्रा शिंपल्यांवरील संशोधनात विषाणू त्यांच्या शरीरात साठून राहतो असे दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? आणि शिंपल्यांमुळे तळे सुरक्षित होते असे लिहिणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद:

तसे सरसकट लिहू नये, असे माझे मत आहे. प्रत्येक प्रयोगात नेमके काय मोजले आहे, हे आधी पाहावे. पीसीआर चाचणी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, दाखवते, पण तो विषाणू संसर्ग करू शकतो की नाही हे सांगत नाही. त्यासाठी कोंबडीच्या फलित अंड्यांत किंवा पेशींमध्ये तो वाढवून पाहावा लागतो. त्यामुळे ‘शिंपल्यात विषाणू सापडला’ आणि ‘शिंपल्यामुळे लागण होऊ शकते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. शिवाय शिंपल्याची जात बदलली की निष्कर्षही बदलू शकतो.

दुसरी अडचण तापमानाची आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. थंड पाण्यात विषाणू सर्वाधिक टिकतो, परंतु त्याच थंडीत शिंपल्यांचा पाणी गाळण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच हा नैसर्गिक गाळणारा सुस्त असतो. (प्रयोगशाळेच्या चंबूत एका शिंपल्याच्या वाट्याला येणारे पाणी आणि तळ्यातले पाणी यांची तर तुलनाच नको.)

तसेच शिंपले गाळलेले सगळेच कण पचवत नाहीत. नको असलेले कण श्लेष्म्यात (चिकट स्रावात) गुंडाळून बाहेर टाकतात आणि ते तळाशी बसतात. तेव्हा पाण्यातून विषाणू कमी झाला तरी त्याचा काही भाग गाळात गेला असण्याची शक्यता उरते, आणि तोच गाळ चोचीने उपसत बदके चरतात. आपल्या टिपणात पाण्याइतकीच जागा गाळाला द्यावी.