नवीन जोडलेला संगणक : पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

वाशिष्ठीकाठ :
नमस्कार. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून चिपळूणला घरीच संगणक जोडला आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५-६००० रॅमच्या प्रत्येकी १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि जुन्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड अशी जुळणी आहे. बटण दाबले की सगळे पंखे फिरतात, कॅबिनेटमधले दिवेही लागतात, परंतु मॉनिटरवर काहीच येत नाही आणि मदरबोर्डच्या कडेला असलेल्या चार बारीक दिव्यांपैकी 'डीरॅम' असे लिहिलेला दिवा पेटून राहतो. अर्धा-एक मिनिट वाट पाहून बंद करतो व पुन्हा चालू करतो, तरी फरक नाही. दुकानदार मदरबोर्ड पाठवून द्या म्हणतात. त्याआधी घरी काय तपासता येईल?

तांब्याची तार :
मदरबोर्ड लगेच पाठवू नका. ते चार दिवे अनुक्रमे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे असतात व चालू होताना मदरबोर्ड ज्या टप्प्यावर थांबला असेल, त्याचा दिवा पेटून राहतो. तुमची गाडी रॅमपर्यंत पोहोचली आहे, म्हणजे प्रोसेसरला वीज मिळते आहे आणि एसएमपीएसवर तूर्त संशय घेण्याचे कारण नाही.

एएम५ सॉकेट (तुमचा प्रोसेसर मदरबोर्डवर जिथे बसतो ती जागा) आणि डीडीआर५ या जोडीत पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड रॅमच्या प्रत्येक वाहिनीची (रॅम आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाची) वेळ जुळवून पाहतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या काळात पडदा काळाच असतो, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो, मधेच संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा चालूही होतो आणि हे सारे कित्येक मिनिटे चालू शकते. तुम्ही मिनिटभरात वीज तोडत असाल, तर प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून सुरू होते. तेव्हा पंधरा-वीस मिनिटे हात न लावता चालू ठेवा. तुमच्याकडे वीज जाण्याचा त्रास असेल, तर यूपीएसवर लावून ठेवा.

वाशिष्ठीकाठ :
आभारी आहे. यूपीएसवर लावून अर्धा तास तसाच ठेवला. दिवा हलला नाही. रॅमच्या पट्ट्या काढून, दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून पुन्हा बसवल्या, तरीही तेच. प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ए२ आणि बी२ मध्येच त्या आहेत.

बाकावरचा मेकॅनिक :
आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळा; लोक घाईघाईत चार गोष्टी एकदम बदलतात आणि मग काय बिघडले होते ते कधीच कळत नाही. प्रत्येक बदलाआधी एसएमपीएसचे मागचे बटण बंद करा.

आधी ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा. ७६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, म्हणून एचडीएमआय केबल थेट मदरबोर्डला लावता येते (७५००एफ असता, तर ही सोय नव्हती). त्यानंतर मदरबोर्डवरची सीआर२०३२ गोल बॅटरी पाचेक मिनिटे काढून ठेवून बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डमधल्या प्रोग्रामची) मांडणी मूळपदावर आणा. मग फक्त एक पट्टी ए२ मध्ये बसवून पुरेसा वेळ द्या. ती चालली, तर काढून दुसरी पट्टी त्याच खाचेत लावून पाहा.

दोष पट्टीबरोबर फिरला, तर पट्टी बदलून घ्या. दोन्ही पट्ट्या ए२ मध्ये चालल्या आणि बी२ मध्ये मात्र कोणतीच चालली नाही, तर रॅम निर्दोष आहे आणि बी वाहिनीचा मार्ग कुठेतरी तुटतो आहे. अशा वेळी खाचेपेक्षा मला सॉकेटचा संशय अधिक येतो. एएम४ पर्यंत पिना प्रोसेसरच्या पोटाला होत्या; एएम५ मध्ये १७१८ पिना सॉकेटमध्ये आहेत आणि त्यांतली एखादी वाकली किंवा प्रोसेसरच्या तळाशी नीट टेकली नाही, तर नेमकी एक वाहिनी मुकी होते. प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी हेच घडू शकते. कूलर काढायची वेळ आलीच, तर सॉकेटचा चांगल्या उजेडात जवळून फोटो काढून ठेवा. वाकलेल्या पिनेवरून वॉरंटी नाकारली जाते, तेव्हा तो फोटो उपयोगी पडतो.

वाशिष्ठीकाठ :
सांगितल्याप्रमाणे केले. ए२ मध्ये एक पट्टी लावल्यावर काही मिनिटांत बायोस दिसले! दुसरी पट्टीही त्याच खाचेत चालली, पण बी२ मध्ये दोन्हींपैकी एकही नाही. म्हणून कूलर उतरवला. थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाचा) ठसा डाव्या अंगाला जवळजवळ पुसला गेला होता आणि उजवीकडे जाडसर थर तसाच होता, म्हणजे दाब एकीकडेच पडत होता. भिंगातून पाहिले, तर सॉकेटच्या पिना मात्र सरळ रांगेत होत्या. प्रोसेसर उचलून पुन्हा ठेवला, पेस्ट नव्याने लावली आणि कूलरचे दोन्ही स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळले. आता दोन्ही पट्ट्या दिसतात, पूर्ण ३२ जीबी, रॅमचा वेग ४८००.

बाकावरचा मेकॅनिक :
उत्तम. प्रोसेसर पुन्हा बसवल्याने काम झाले की दाब सारखा झाल्याने, हे आता सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकदम बदलले. पण पिना सरळ आहेत, हे महत्त्वाचे. ग्राफिक्स कार्ड आता परत लावा आणि मॉनिटरची केबल त्या कार्डलाच जोडा.

तांब्याची तार :
४८०० हा मूळ वेग आहे. ६००० हवा असेल, तर बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार मांडणी) चालू करावे लागेल. त्याआधी बायोस अद्ययावत करून घ्या, आणि ते करताना यूपीएस काढू नका. एक्स्पो लावल्यावर पुन्हा एकदा ट्रेनिंग होईल आणि पडदा काही वेळ काळा राहील, तेव्हा घाबरून बटण दाबू नका.