मदत हवी आहे: मुतखड्यासाठी आधी नळी, मग ऑपरेशन, असं दोनदा कशाला? (नाशिक)

अंबड_रात्रपाळी: वडिलांना मुतखडा आहे, ९ मिमी. डॉक्टर म्हणतात, आज आत नळी टाकू, खडा दोन-तीन आठवड्यांनी काढू. म्हणजे भूल दोनदा, बिल दोनदा. माझ्या मित्राचा खडा एका फटक्यात काढला, दुसऱ्या दिवशी तो घरी. हा पैसे उकळायचा धंदा तर नाही? नाशकात एकदाच काढून देणारे कुणी असतील तर नाव सांगा, नाहीतर खडा विरघळायचं औषध सांगा. लवकर. संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स भरायचाय.

निफाडचा_बागायतदार: नळीबिळी काही नको. मूठभर कुळीथ रात्री भिजत घाला, सकाळी उकळून ते पाणी अनशापोटी द्या. वर पानफुटीची दोन पानं चावून खायला लावा. माझा खडा असाच पडला, अजून डबीत ठेवलाय.

मेडिकलवाले_नाना: केवढा होता?

निफाडचा_बागायतदार: ज्वारीच्या दाण्याएवढा.

मेडिकलवाले_नाना: म्हणजे ४ मिमीच्या आसपास. तेवढे बहुतेक आपणहून पडतात, नाव मात्र कुळथाचं होतं. ९ मिमीची गोष्ट वेगळी. आणि विरघळायचं औषध म्हणाल, तर ते युरिक ॲसिडच्या खड्याला चालतं, तिथे लघवीची आम्लता कमी करतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते विरघळत नाहीत. अंबडकर, खडा अडकलाय कुठे? वय काय? शुगर किती? किडनी कशी चाललीय ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी केली का?

कट्ट्यावरचा: बियर पाजा, सुटेल.

अंबड_रात्रपाळी: रिपोर्टवर 'लेफ्ट अपर युरेटर, मॉडरेट हायड्रोनेफ्रोसिस' असं आहे. वय ६१. बाकी ठणठणीत, कालपर्यंत दिंडोरीला बागेत होते. हॉस्पिटलचं नाव विचारलंय, ते कुणीच सांगत नाहीये.

सातपूर_निवृत्त: ६१ म्हणजे प्रोस्टेट बघून घ्या. मला रात्री चार-चार वेळा उठावं लागायचं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी करा. मी गोळी चालू केली आणि...

सिडकोची_वहिनी: काका, त्यांना खडा आहे हो, प्रोस्टेटचं नंतर. अंबडकर, मी स्टाफ नर्स आहे. एकच सांगा, ताप आला होता का?

अंबड_रात्रपाळी: परवा रात्री हुडहुडी भरली होती. पावसात भिजले होते, त्याचं असेल. पॅरासिटामॉल दिली, उतरला. शुगरची गोळी चालू आहे. दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतो.

सिडकोची_वहिनी: अहो, हेच तर हवं होतं! खडा युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या वाटेत, बुचासारखा बसलाय, वरची लघवी तुंबून किडनी फुगलीय. हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे तेच. त्यात शुगर आणि हुडहुडी, म्हणजे तुंबलेल्या लघवीत जंतू झाले असण्याची दाट शक्यता. तिथे अँटिबायोटिक नीट पोचत नाही. अशात दुर्बीण घालून, पाण्याचा दाब देत, लेसरने खडा फोडला तर जंतू थेट रक्तात जातात. सेप्सिसने माणूस हातचा जातो. म्हणून आधी डीजे स्टेंट, म्हणजे डॉक्टर म्हणतात तीच आतली नळी, टाकून तुंबलेलं मोकळं करतात. स्टेंट वर सरकला नाही तर पाठीतून किडनीत नळी घालतात. कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत त्याची तपासणी, त्याप्रमाणे औषध देऊन जंतू आटोक्यात आले, की मग खडा. तुमच्या मित्राला ताप नसणार, म्हणून त्याचं एकदाच झालं. आजची नळी उद्यावर ढकलू नका. डायक्लो आत्ताच्या आत्ता बंद, ती किडनीवर ताण आणते. शुगरची गोळी कुठली ते पाकीट दाखवून डॉक्टरांना सांगा.

निफाडचा_बागायतदार: दवाखान्यातली माणसं चिरफाडच सांगणार.

मेडिकलवाले_नाना: नळीत चिरतात कुठे? लघवीच्या वाटेनंच टाकतात. आणि वाट बंद असताना लिटर-लिटर कुळथाचं पाणी पाजलंत तर किडनी आणखी तटतटेल. काढा तुमचा, किडनी दुसऱ्याची.

पंचवटीकर: ॲडव्हान्स भरायच्या आधी तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का विचारा. असेल तर आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार न्या. नसेल आणि पैसे नसतील तर त्र्यंबक रोडला सिव्हिल आहेच.

अंबड_रात्रपाळी: नळी टाकली. क्रिएटिनिन २.१ आहे. डॉक्टर म्हणाले, नळी जाताच गढूळ घट्ट लघवी बाहेर आली, कल्चरला पाठवलीय. पण आता लघवी लालसर होतेय, सारखी लागतेय, पाठीत कळ येते. नळी चुकीची बसली का?

सिडकोची_वहिनी: स्टेंटचं टोक मूत्राशयात टोचत असतं, त्यामुळे बहुतेकांना असं होतं. फिकट लाल चालतं. गाठी पडल्या, लघवी थांबली किंवा पुन्हा थंडी-ताप आला तर लगेच हाका मारा. पाणी किती द्यायचं ते क्रिएटिनिन बघून डॉक्टर ठरवतील. आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याच. बरं वाटलं म्हणून लोक विसरतात, मग त्याच्यावरच खडे चढतात आणि तो काढणं मूळ खड्यापेक्षा अवघड होतं.

सातपूर_निवृत्त: दूध-टोमॅटो बंद करा.

मेडिकलवाले_नाना: दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं. मीठ कमी करा.

पॅकहाऊस_वर्षा: मध्येच विचारते. आम्ही बायका बागेत मुद्दाम पाणी पीत नाही, जायला आडोसा नसतो. मला वरचेवर जळजळ होते. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या घेते, पुन्हा होतं.

सिडकोची_वहिनी: वर्षाताई, गोळी घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर करून घ्या. मधली धार द्यायची, पहिली सोडून. अर्धवट गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. पोटुशी असाल किंवा ताप-पाठदुखी असेल तर थांबूच नका.

निफाडचा_बागायतदार: आमच्याकडे छाटणीला बावीस बायका येतात, हे कधी कुणी बोललं नाही. फिरतं शौचालय भाड्याने कुठे मिळतं? पिंपळगावकडे कुणाला माहीत असेल तर सांगा, दसऱ्यानंतर काम चालू होतंय.