९१ च्या युनोस रोडस्टरला चाकं कुठली घालू? चौदाच ठेवू की पंधरावर जाऊ?

लालटोपी (लेस्टर)

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण मी सांगलीचा, त्यामुळे पाल्हाळ लागणारच.

माझ्याकडे १९९१ ची माझदा युनोस रोडस्टर आहे. इकडे जिला एमएक्स-५ म्हणतात आणि अमेरिकेत मियाटा, तीच गाडी. जपानात ती युनोस नावाने विकली जायची, माझी तिकडूनच बोटीने आलेली. १.६ चं इंजिन, पॉवर स्टीअरिंग नाही, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. रंग लाल. २०१६ साली घेतली तेव्हा घरात कुणी ढुंकून बघितलं नाही. आता ऊन पडलं की किल्ली सापडत नाही.

गेल्या वर्षी गणपतीची मूर्ती आणायला हीच गाडी नेली. छप्पर उघडं, मूर्ती शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, मी डावीकडे दाबली आणि पुढचं डावं चाक कडेच्या खड्ड्यात आपटलं. आवाज असा झाला की मी आधी मूर्तीकडे बघितलं. बाप्पाचा मुकुटसुद्धा हलला नव्हता. रिम मात्र गेली.

बाहेरून बघाल तर काही कळत नाही. वाकलीय आतल्या कडेला. गाडी जॅकवर घेतली, सस्पेन्शनच्या आर्मवर स्क्रूड्रायव्हर टेकवून धरला आणि चाक हाताने फिरवलं. एका जागी टोक रिमला घासतं, बाकी फेऱ्यात तीनेक मिलिमीटर फट दिसते. ५५ मैलांच्या वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं, ६५ ला पुन्हा शांत. त्यातच मागच्या दोन्ही चाकांतून हवा जाते, दर चार दिवसांनी पंप. एक टायर सोडवून बघितला तर टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट टेकणारी आतली कड, बसते त्या जागेवर पांढरी पूड धरलेली. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा प्रसाद.

तर आता चारी चाकांचा विचार करायचाच आहे. समोर तीन वाटा आहेत.

मूळची सात काड्यांची १४ इंची अलॉय आहेत, तीच दुरुस्त करून रंगवायची. जवळचा एक जण चाकाला ८५ पौंड सांगतोय, वाकलेल्याचे वेगळे. नाहीतर एका जाहिरातीत १५ इंच बाय ७, ईटी २५ अशी जुन्या मिनीलाइट नावाच्या चाकांच्या धाटणीची चाकं आहेत, १९५/५० टायरसकट ३०० पौंडांना. खरं सांगतो, फोटो बघून जीव अडकलाय. रोज रात्री एकदा उघडून बघतो, विकली तर गेली नाहीत ना म्हणून. आणि तिसरं म्हणजे भाच्याकडे त्याच्या जुन्या गाडीची १७ इंची पडून आहेत. चार बाय १००, म्हणजे नटांची भोकं जुळतात. फुकट देतोय. “मामा, स्टान्स बघ काय येतो.” स्टान्स म्हणजे गाडी उभी कशी दिसते ते.

विमानाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा आपल्या सगळ्यांच्या घरात असतोच. त्याला टायरसकट चाकं लटकवली. माझं १४ इंची १२.८ किलो. भाच्याचं १९.२. आमची २३ किलोची लोणचं-भडंगवाली बॅग आठवली.

जपानी, पुणेरी, सगळे सल्ले चालतील. गाडी शर्यतीला नेत नाही. रविवारी डर्बीशरच्या डोंगरांतून फिरवतो, बस.

कर्वेरोड_व्हीटेक (पुणे)

काका, सतरा इंची भाच्यालाच राहू द्या. ६.४ किलो प्रत्येक चाकाला जास्त, तेही स्प्रिंगच्या खाली. खड्डा आला की ते वजन सस्पेन्शनला सांभाळायचं, आणि तेच वजन दर वेळी फिरवायचं आणि थांबवायचंही. १२० घोड्यांच्या गाडीला हे लगेच कळतं.

माझी स्पोर्ट्स कार नाही, जुनी होंडा सिटी आहे, १.५ व्हीटेक. पण चाकांचा धडा मी घेतलेला आहे, तो सांगतो.

अलॉय घातली बाहेरची. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, तोच, चार बाय १००, थ्रेड तोच, १२ बाय १.५. दुकानात पोरानं माझेच जुने नट परत लावले, गनने टर्र टर्र केलं, झालं. पंधरा दिवसांनी खंडाळ्याच्या घाटात मागून टक टक आवाज. मला वाटलं डिकीत जॅक हलतोय. गाणं मोठं केलं (हसू नका). चहाला थांबलो, सहज नटाला बोट लावलं तर बोटाने फिरला. चारांतले तीन सैल.

कारण असं की होंडाच्या ओरिजिनल रिमला नटाची बैठक गोल असते, अर्ध्या चेंडूसारखी. बाहेरच्या अलॉयला बैठक शंकूसारखी, ६० अंशांची. गोल नट शंकूत बसवला तर नुसत्या एका रेघेवर टेकतो. आवळल्यासारखा वाटतो, पण पकड नसते. दुकानदार म्हणाला, “साहेब, थ्रेड तर बरोबर आहे ना.” आता ह्याला काय बोलणार.

तुमच्या माझदाचे नट मुळातच शंकूचे, त्यामुळे हा घोळ बहुतेक नाही होणार. पण मिनीलाइट धाटणीच्या काही रिमना लांब दांडीचे, वॉशरवाले नट लागतात. पैसे देण्याआधी भोकात बोट घालून बघा, तिरकी कड आहे की सरळ भोक. आणि गनने आवळू देऊ नका कुणाला.

लालटोपी

काका नको रे बाबा, दादा म्हण. ५२ वर्षांचाच आहे.

नटांचं डोक्यातच नव्हतं. जाहिरातवाल्याला भोकाचा जवळून फोटो मागितलाय.

नागोयाकर (नागोया)

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कामात आहे, चाकांच्या नाही, तरी आकडेमोड करून देतो. कागद-पेन्सिल घ्या.

तुमची मूळ रिम १४ बाय ५.५, ईटी ४५. ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला) टेकणारी बाजू किती बाहेरच्या अंगाला आहे, मिलिमीटरमध्ये. ५.५ इंचाचं निम्मं ६९.८५, त्यातून ४५ वजा केले की हबच्या पुढे रिम २४.८५ मिलिमीटर बाहेर येते. जाहिरातीतली १५ बाय ७, ईटी २५. निम्मं ८८.९, वजा २५, म्हणजे ६३.९. फरक ३९ मिलिमीटर. आतल्या बाजूला जवळजवळ काहीच बदल नाही, एखादा मिलिमीटर. सगळी वाढ बाहेर, मडगार्डच्या दिशेला.

दिसायला झकास. ‘जीव अडकलाय’ तो ह्या ३९ मिलिमीटरांतच.

पण तुमच्याकडे पॉवर स्टीअरिंग नाही. ऑफसेट, म्हणजे तोच ईटी, २० ने कमी केला की टायरचा मध्य २० मिलिमीटर बाहेर सरकतो. स्टीअरिंग ज्या अक्षाभोवती फिरतं त्यापासून तो तेवढा लांब जातो, म्हणजे तरफ लांब होते. पार्किंगमध्ये हात भरून येतील, आणि रस्त्यावरचा प्रत्येक चर हातात ओढ देईल. १५ वरच जायचं असेल तर ६.५ किंवा ७ रुंद आणि ईटी ३५ ते ४० बघा.

उंची म्हणाल तर १८५/६० आर १४ टायरचा व्यास ५७७.६ मिलिमीटर. १९५/५० आर १५ चा ५७६. म्हणजे स्पीडोमीटरला कळणारसुद्धा नाही, म्हणूनच हा साइझ ह्या गाडीवर इतका चालतो. भाच्याच्या १७ वर २०५/४० घातला तर ५९५.८. तीन टक्के मोठा, काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागेल आणि गिअर लांब वाटतील.

आणि तुमच्या खड्ड्याचा हिशोब. टायरची भिंत चौदावर १११ मिलिमीटर, पंधरावर ९७.५, सतरावर ८२. १११ असूनही रिम वाकली, हे लक्षात घ्या.

हबचा व्यास ५४.१. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुतेक मोठंच असतं, कारण एकच साचा दहा गाड्यांना विकायचा असतो. मधे रिंग घालावी लागते. नाहीतर चाक नटांच्या भरवशावर मधे बसतं, आणि जरा चुकलं की पुन्हा तुमची ती ५५ मैलांची थरथर. रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशी अक्षरं ओतलेली आहेत का बघा. पहिलं जपानच्या सरकारी मानकाचं, कंपनी स्वतः तपासून लावते. दुसरं असेल तर बाहेरच्या संस्थेने चाचणी घेतलेली असते. नक्षी सारखीच आणि मागे एक अक्षर नाही, अशी रिम मी फुकटही घेणार नाही.

चौथी वाट तुम्ही लिहिलीच नाहीत. १९९४ पासून १.८ इंजिन आलं त्या गाड्यांना माझदाने १४ बाय ६ दिली, ईटी ४५ च. तुमच्या गाडीवर काही न करता बसतात, दोन्ही बाजूंना सहा-साडेसहा मिलिमीटरच वाढतात. रिंग नको, नट तेच.

जाता जाता एक. माझदाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जीर्णोद्धाराचा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्यासाठी ब्रिजस्टोनने १८५/६० आर १४ मध्ये जुना एसएफ ३२५ टायर पुन्हा काढला. कंपनीला स्वतःला पंधरावर जावंसं वाटलं नाही.

मृण्मयी_एमके (मिल्टन कीन्स)

माझ्याकडे १९९३ ची आहे, आणि मी ती चूक केलेली आहे. १५ बाय ७, ईटी २५, वर गाडी दीड इंच खाली बसवलेली. एकटी असले की काही नाही. नवरा शेजारी बसला आणि उंचवटा आला की मागून ‘खर्र’. मडगार्डच्या आतल्या कडेने टायरच्या खांद्यावर गोल रेघ कोरली होती, जणू कुणी दोरा ओढलाय. एमओटीला, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक तपासणीला, टायर बॉडीला घासताना दिसला तर पास होत नाही, हेही ध्यानात असू द्या. शेवटी कड आत दाबून घेतली, आणि दाबताना रंग तडकला. ज्याने दाबली त्याचं म्हणणं, जुना रंग आहे, तडकणारच. मग आधी सांगायचं ना!

दिसते सुंदर, हे कबूल. अजून काढली नाहीत.

इन्शुरन्सला कळवायला विसरू नका. १५ इंची म्हणजे इथे मॉडिफिकेशन. मी फोन केला, हप्ता वाढला नाही, पण कागदावर नोंद झाली. न कळवता राहिलात आणि अपघात झाला तर क्लेम अडू शकतो.

चौदात राहण्याची एकच अडचण म्हणजे टायर. १८५/६० मिळतो, पण त्यात चांगली पकड देणारे मोजकेच. पंधरामध्ये निवड बरीच. पण तुम्ही डर्बीशरच्या डोंगरांत फिरवता म्हणालात. त्या रस्त्यांवर भिंत जाड असलेली बरी. आणि वाकलेली रिम सरळ करायला देण्याआधी टायर काढून आतून नीट धुऊन बघा. चीर असेल, केसाएवढी का होईना, तर ती टाकायची. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील.

लालटोपी

मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय.

पहिलं, मृण्मयीताई, तुम्ही म्हणालात तसं टायर काढून रिम रॉकेलने धुतली. वाकलेल्या जागेच्या मधोमध चीर. नखाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. ८५ पौंडवाल्याला दाखवली तर म्हणाला, करून देतो, कळणार पण नाही. मी उचलून घरी आणली.

जाहिरातवाल्याने फोटो पाठवले. भोकं शंकूची, ते ठीक. मागच्या बाजूचा फोटो मागितला तर आधी दोन दिवस उत्तर नाही, मग आला. एकही अक्षर नाही. नागोयाकर, तुमचं वाक्य पाठ झालंय मला. तरी त्या रात्री पुन्हा एकदा जाहिरात उघडलीच.

शेवटी भंगारात निघालेल्या एका १९९५ च्या गाडीची १४ बाय ६ चारही मिळाली, १४० पौंडांना. तिथेच बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून बघायला लावली. एक जरा आउट होती, ती बदलून घेतली. बीडच्या कडा घरी तारेच्या ब्रशने स्वच्छ केल्या, तीन संध्याकाळ गेल्या, नाकात ॲल्युमिनियम. टायर नवे १८५/६०. तीन आठवडे झाले, हवा तेवढीच आहे.

गाडी आता कशी चालते विचाराल तर २०१६ ला चालत होती तशी. ५५ ला स्टीअरिंग गप्प. भाचा येऊन बघून गेला, “काही बदललंच नाही की.” १७ इंची त्याने विकली म्हणे.

वाकलेली रिम परसात भिंतीवर ठोकलीय, तिच्यावर बागेचा पाइप गुंडाळतो. सात काड्या छान दिसतात.

कर्वेरोड_व्हीटेक

झकास, दादा. पण नट?

लालटोपी

शंकूचेच आहेत. हाताने लावले, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘कट्ट’ करणारा पाना. मॅन्युअलमध्ये ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आहे, मी १०० वर आवळले. ऐंशीएक किलोमीटर फिरवून पुन्हा बघितले. पंधरा नटांनी लगेच कट्ट केलं. मागच्या उजव्या चाकाचा एक पाव फेरा फिरला.