थंडीत सोळा वर्षांच्या पोराला घरकामाला कसं लावायचं?

परभणीची आई:
आमच्याकडं डिसेंबर लागला की पारा सात-आठवर येतो. कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात छापून आला की आमच्या पोराला झोपायचा परवानाच मिळाल्यासारखं होतं. "आई, आज आठ डिग्री हाय, वाच की!" अन् परत गोधडीत. अकरावीला आहे. धाकटी आठवीत, कुरकुर करत का होईना उठते, म्हणून झाडलोट, भांडी सगळं तिच्यावरच पडायलंय. परवा मला म्हणली, "दादा झोपला तर अभ्यास करून दमला, अन् मी झोपले तर वळण नाही." काय बोलावं?

नळाला पाणी आठ-दहा दिवसाला, तेही पहाटे. हौद भरा, बंब पेटवा, भाकरी टाका, डबे भरा, अन् मग माझी ड्युटी. ह्यांचं मोंढ्यात काम; तुरीची आवक सुरू झाली की अंधारातच घर सोडतात. ओरडून झालं, वायफायचा पासवर्ड बदलून झाला.

लातूरकर काका:
ताई, पांघरूण ओढा. आम्ही ह्या वयात रातच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी दिलंय. पण एक सांगतो, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आमचा नातू न सांगता आंबिलीचा बिंदगा डोक्यावर घेऊन शेतापर्यंत जातो. तिथं चार माणसं "शाब्बास" म्हणतात. घरातल्या भांड्याला कोण म्हणतंय?

संभाजीनगरची नर्सताई:
काका, पांघरूण ओढून काही होत नाही. ह्या वयात झोप मुळातच उशिरा येते, शरीराचं घड्याळच पुढं सरकलेलं असतं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटेचं भांडण सोडा, काम रात्रीवर ढकला.

आमच्याकडं बंब पोराचा. रात्री जेवण झालं की तोच पाणी भरतो, पऱ्हाटीचे तुकडे रचतो, काडेपेटी वर ठेवतो. सकाळी मी नुसती काडी लावते. रचायचं विसरला तर गार पाण्यानं पहिला नंबर त्याचा. "जरा मदत कर" म्हणलं की पोरं समजतात काम आईचंच आहे. आख्खं काम नावावर करून द्या, अन् मागं मागं फिरू नका. वाकडं रचलं तरी पेटतं.

नळाचा दिवस मात्र पहाटेचाच, त्याला इलाज नाही. त्या दिवशी दोघंही उठतील, मोटर त्याची, पिंपं तिची. अन् बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका, उघड्यावरच ठेवा. धूर दिसत नसला तरी निखाऱ्याचा गॅस जिवावर बेततो.

बीडची वहिनी:
मुलीचं आधी बघा. अकरावीचा अभ्यास अन् आठवीचा काय टाइमपास? रात्रीची भांडी एक दिवसाआड दोघांत वाटा. आमच्या सासूबाई म्हणायच्या, पोरगं भांडी घासायलंय, लोक काय म्हणतील. आता त्याच्याच हातची भाकरी मागून खातात.

परभणीची आई:
बंब अंगणातच आहे आमचा. आज रात्रीपासून त्याचा. धाकटीला विचारलं तुला काय ठेवू, तर म्हणली गोधड्या गच्चीवर उन्हात टाकायचं काम माझं, भांडी दादाची. एक दिवसाआडवर कशीबशी राजी झाली. हे म्हणायलेत, "बारावीपर्यंत पोराला राहू दे." त्यांना मी बघते. वायफायचा पासवर्ड मात्र द्यावा का?

लातूरकर काका:
बंब पेटल्यावर द्या.